अध्यक्षपद सुटलं, सवय सुटेना

"ताई, एक बोलू का, राग नका मानू. ग्रुपवर कोणी काही विचारलं ना, तर तुम्ही लगेच उत्तर नका देत जाऊ."

आमच्या क्लबचा नवा अध्यक्ष मला फोनवर हे म्हणाला तेव्हा त्याला पद घेऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते, आणि मला सोडूनही तेवढेच. खोटं कशाला बोलू, राग आला. चांगलाच आला. म्हणजे मी इकडे रात्री अकरा वाजता लोकांचे मेसेज बघून उत्तरं देतेय, कोणाला मीटिंगची लिंक पाठव, कोणाला भाषणाचा नंबर कधी लागेल ते सांग, आणि हा मलाच म्हणतो की नका देऊ. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि पुढचे दोन दिवस ग्रुप उघडलाच नाही. तो रुसवा आहे हे मला तेव्हाही कळत होतं, पण तरी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचा क्लब टोस्टमास्टर्सचा आहे, म्हणजे चार लोकांसमोर उभं राहून बोलायची भीती घालवायला जमणाऱ्यांचा. १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता अॅनामध्ये वायएमसीएच्या इमारतीत राल्फ स्मेडली यांनी पहिला क्लब भरवला आणि तिथून हे प्रकरण जगभर गेलं. नावात टोस्ट असला तरी ग्लासबिस काही नसतात, भाषणं असतात आणि त्या भाषणांवर दुसऱ्यांनी दिलेला अभिप्राय असतो. क्लब चालवायला सात पदाधिकारी असतात, अध्यक्ष, मग शिक्षण, सभासदत्व आणि प्रसिद्धी असे तीन उपाध्यक्ष, सेक्रेटरी, ट्रेझरर आणि सार्जंट अॅट आर्म्स, म्हणजे हॉल आणि सामानाची व्यवस्था बघणारा. आणि यांच्याबरोबर कमिटीत आठवा माणूस असतो तो म्हणजे नुकताच पायउतार झालेला अध्यक्ष, इमीजिएट पास्ट प्रेसिडेंट, आम्ही आयपीपी म्हणतो. वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं, निवडणूक मे महिन्यात, आणि वर्षभरासाठी निवडून आलेल्या अध्यक्षाला लगेच पुढच्या वर्षी पुन्हा अध्यक्ष होता येत नाही. थोडक्यात काय तर दर वर्षी कोणीतरी खुर्चीवरून उठतं आणि कोणीतरी बसतं, हे ठरलेलंच आहे.

बसणाऱ्यासाठी ट्रेनिंग असतं. जून ते ऑगस्टमध्ये एक, मग थंडीत दुसरं, सातही पदांसाठी. उठणाऱ्याला मात्र मला तरी कोणी काही शिकवलं नाही. अध्यक्षाचा सभा चालवायचा हातोडा दिला, टाळ्या झाल्या, फोटो झाला, संपलं. आयपीपी म्हणजे नक्की काय करायचं असं मी एकदोन जणांना विचारलं तर म्हणाले "गाइड करायचं". आता गाइड करायचं म्हणजे काय करायचं, हा माझा सगळा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

त्यात माझ्या मनात एक जुनी खुन्नस पण होती. माझ्या आधीचे अध्यक्ष वयाने मोठे, आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो, बोलायला एक नंबर, पण त्यांनी १ जुलैला माझ्या हातात हातोडा, एक बॉक्स फाइल आणि टायमरची, म्हणजे वक्त्याला वेळ दाखवायची, रंगीत कार्डं घातलेली कापडी पिशवी दिली, "तू करशील गं" म्हणाले, आणि गायब. अक्षरशः गायब. फोन केला की एकच उत्तर, "तुला योग्य वाटेल ते कर". अहो पण मला काय योग्य ते कळत असतं तर फोन कशाला केला असता. क्लबचा ईमेल त्यांच्या मोबाइलला जोडलेला होता, म्हणजे मी लॉगिन करायला गेले की ओटीपी त्यांच्याकडे जायचा, मग मी त्यांना फोन करायचा, ते मीटिंगमध्ये असायचे, त्यांनी संध्याकाळी ओटीपी पाठवायचा आणि तोवर तो संपलेला असायचा. हे असं तीन महिने चाललं. वर्गणीच्या रिन्यूअलची तारीख १ ऑक्टोबर असते हे मला सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्याच एका क्लबच्या बाईंनी सहज बोलता बोलता सांगितलं. तेव्हा मी ठरवलं होतं की माझ्यानंतर जो कोणी येईल त्याला मी असं वाऱ्यावर सोडणार नाही.

आणि मी नाहीच सोडलं. इतकं नाही सोडलं की त्याला श्वास घेता येईना.

सुरुवात बरी झाली होती खरं तर. मी चौदा पानांचं हँडओव्हरचं डॉक्युमेंट बनवलं. कुठली तारीख काय, कोणाचा नंबर कोणता, गेस्ट आला की कोणी फोन करायचा, सगळं. त्याचं पुढे काय झालं तर काही नाही, त्याने ते उघडून "वा ताई, जबरदस्त" असा मेसेज केला आणि बंद केलं, आणि यात त्याची काही चूक नाही, चौदा पानं कोण वाचतं. मग जूनमध्ये आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बसलो. सभासदांची यादी कुठे अपडेट करायची, नव्या पदाधिकाऱ्यांची नावं मुख्यालयाला कशी कळवायची (ती ३० जूनच्या आत कळवावी लागतात), नवीन सभासदाचा अर्ज कसा भरायचा. माऊस माझ्या हातात आणि तो शेजारी बसून मान हलवतोय. दोन तास झाले, मला वाटलं झालं काम. चार दिवसांनी त्याचा फोन, ताई ते पदाधिकाऱ्यांचं पान कुठे होतं? त्याला काहीही आठवत नव्हतं, कारण त्याने काहीही केलंच नव्हतं, सगळं मी केलं होतं, झरझर, मला किती येतं ते दाखवत. दुसऱ्या वेळी मी लॅपटॉप त्याच्यासमोर सरकवला आणि हात मांडीवर ठेवून बसले. तो चुकीच्या ठिकाणी क्लिक करायचा, मागे यायचा, पुन्हा शोधायचा, माझी बोटं नुसती शिवशिवत होती. पण तेवढं एक बसणं त्या चौदा पानांपेक्षा जास्त कामाला आलं, पदाधिकाऱ्यांच्या पानासाठी त्याचा परत फोन नाही आला.

जुलै उजाडला आणि माझी लुडबुड सुरू झाली. मला ती लुडबुड वाटत नव्हती हाच तर मुद्दा आहे. ग्रुपवर प्रश्न आला की मला उत्तर माहीत असायचं, मग मी का नाही द्यायचं? मीटिंग संपली की लोक सवयीने माझ्याभोवती उभे राहायचे आणि मी पण उभी राहायचे, तिकडे तो नवा अध्यक्ष एकटा खुर्च्या लावतोय. एका ज्येष्ठ सभासद बाईंचं भाषण एक आठवडा पुढे ढकललं गेलं, त्या नाराज झाल्या, त्यांनी मला फोन केला, मी परस्पर शिक्षण उपाध्यक्षाला फोन लावला आणि त्यांचा नंबर पुन्हा आत बसवला. पाच मिनिटांचं काम. अध्यक्षाला ते कधी कळलं, तर मीटिंगमध्ये, अजेंडा वाचताना, सगळ्यांसमोर. तो एक सेकंद थांबला, कागदाकडे बघितलं, आणि पुढे वाचत गेला. मी पहिल्या रांगेत बसले होते, मला ते दिसलं, आणि तरी माझ्या डोक्यात काही पेटलं नाही.

आणि मग कमिटीच्या मीटिंगमधला तो प्रसंग, जो मला अजून टोचतो. त्याचं म्हणणं होतं की टेबल टॉपिक्स, म्हणजे जिथे आयत्या वेळी विषय देऊन एक ते दोन मिनिटं बोलायचं असतं, ते आपण तयारीच्या भाषणांच्या आधी घेऊया, गेस्ट लोकांना लवकर बोलायला मिळेल. मी म्हणाले, "ते आम्ही करून बघितलंय, नाही चालत." बस, विषय संपला. कोणी काही बोललंच नाही, तो पण "ओके" म्हणून पुढच्या मुद्द्यावर गेला. घरी जाताना मी आठवायला लागले की आपण हे नक्की कधी करून बघितलं होतं, तर एकदा, एकाच मीटिंगला, धो धो पाऊस होता आणि सहा माणसं आली होती. त्या एका मीटिंगच्या जिवावर मी त्याची कल्पना मारून टाकली. माजी माणसाचं "करून बघितलंय" फार जड असतं, समोरच्याला त्याची उलटतपासणी घेता येत नाही कारण तो तेव्हा तिथे नसतोच.

तर या सगळ्यानंतर तो फोन आला होता. विचार केला तर त्याने फारच सभ्यपणे सांगितलं.

रुसवा दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मीटिंग होती आणि मी इव्हॅल्युएटर, म्हणजे भाषण ऐकून अभिप्राय देणारी, होते, एका नव्या मुलाच्या पहिल्या भाषणाची. पहिलं भाषण, आइसब्रेकर, चार ते सहा मिनिटांचं, स्वतःची ओळख करून द्यायची. त्याने मला भाषण आधी लिहून पाठवलं होतं, मी ते दोनदा वाचलं होतं. तो उभा राहिला, दीड मिनिट छान बोलला आणि अडकला. पूर्ण ब्लँक. हात पँटला पुसतोय, नजर वर गेलीय. पुढचं वाक्य मला पाठ होतं, "माझ्या आजोबांचं एक जुनं घड्याळ होतं", माझ्या ओठावर होतं ते. पण इव्हॅल्युएटर भाषणाच्या मधे बोलत नाही. कोणीच बोलत नाही. पूर्ण हॉल शांत बसून त्याच्याकडे बघत राहिला, प्रेमाने, दहा सेकंद असतील, पण ती दहा सेकंद केवढी लांब असतात ते उभं राहिलेल्यालाच माहीत. आणि मग त्याने घड्याळ सोडूनच दिलं, दुसरंच काहीतरी आठवलं त्याला, शाळेतला किस्सा, आणि तो लिहिलेल्यापेक्षा भारी होता.

मग माझी पाळी आली. दोन ते तीन मिनिटं असतात आम्हाला, दोनला हिरवं कार्ड, अडीचला पिवळं, तीनला लाल. बोलले आणि बसले. बसताना मला एकदम वाटलं की अगं, तू हे गेली सहा वर्षं करतेयस. भाषणाआधी वक्त्याला विचारायचं की मी कशाकडे लक्ष देऊ, भाषण चालू असताना तोंड बंद, शेवटी थोडक्यात बोलायचं आणि खाली बसायचं. आणि इथे एक माणूस वर्षभराचं भाषण द्यायला उभा राहिलाय आणि तू दर आठवड्याला मधेच उठून त्याची वाक्यं पूर्ण करतेयस.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. आधी सॉरी म्हणाले, म्हणजे पुटपुटले, आणि मग सरळ इव्हॅल्युएटरचा प्रश्न विचारला, मी कशाकडे लक्ष देऊ? तो आधी "तसं काही नाही ताई" वगैरे म्हणाला. मी थांबले. मग त्याने तीन गोष्टी सांगितल्या. एक, रिन्यूअल, कारण जुने लोक त्याला ओळखत नव्हते. दोन, जे लोक तक्रारी घेऊन माझ्याकडे येतात ते त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत, त्याचं काहीतरी करायला हवं. आणि तिसरी गोष्ट बोलायला तो जरा अडखळला. "तुम्ही पहिल्या रांगेत नका बसू. मी बोलताना माझी नजर सारखी तुमच्याकडे जाते, बरोबर बोललो का ते बघायला."

हे मला कधीच सुचलं नसतं. मी तर सपोर्ट म्हणून पुढे बसत होते!

मग आमचं ठरलं ते असं, की पंधरा दिवसांतून एकदा पंधरा मिनिटं फोन, आणि तो करणार, मी नाही. ग्रुपची अॅडमिन मी राहायचं नाही (ते मी फोनवर असतानाच काढून टाकलं, नाहीतर राहिलं असतं). पैसे, मुख्यालयाच्या तारखा किंवा कोणा सभासदाशी गैरवर्तन झालंय असं काही कानावर आलं तर मात्र मी वाट बघायची नाही, लगेच त्याला एकट्याला मेसेज करायचा. बाकी सगळं त्याने विचारलं तर.

सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर तक्रारींचं. आपल्याला वाटतं की लोक आपल्याकडे येऊन मन मोकळं करतात, ऐकून घ्यावं, त्यात काय बिघडतं. पण कोणी येऊन म्हणालं की "तुमच्या वेळी किती छान चालायचं हो", की आतून कशा गुदगुल्या होतात ते मी सांगू शकते, आणि त्या गुदगुल्यांच्या नादात आपण "अगं शिकेल हळूहळू" असं काहीतरी बोलून जातो, जे वरवर समजूतदार आहे पण त्याचा अर्थ समोरचा काय घेतो, तर ताईंना पण पटत नाहीये. दुसऱ्या दिवशी ते चार लोकांत पोचलेलं असतं. क्लब लहान असला तरी गट पडायला काही फार माणसं लागत नाहीत, एक नाराज सभासद आणि एक ऐकून घेणारा माजी अध्यक्ष एवढे पुरतात. म्हणून मी एकच वाक्य धरलं, "हे तू त्याला बोललीस का?" उत्तर बहुतेक वेळा नाही असंच यायचं. "मग आधी बोल, मला नंतर सांग." त्या ज्येष्ठ बाई यावरून माझ्याशी महिनाभर नीट बोलल्या नाहीत. चालायचंच. पण नंतर त्या आणि अध्यक्ष दोघं मीटिंगनंतर कोपऱ्यात बोलत उभे दिसले तेव्हा मला माझ्या वर्षभराच्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त बरं वाटलं.

आणि मी टायमर झाले. म्हणजे रोल घ्यायचाच तर सगळ्यात गप्प बसण्याचा घेऊया, असा हिशोब. टायमर मागे बाजूला बसतो, भाषण पाच ते सात मिनिटांचं असेल तर पाचला हिरवं, सहाला पिवळं, सातला लाल, वर अर्ध्या मिनिटाची सूट. एक अक्षर बोलायचं नाही, नुसतं कार्ड धरायचं, वक्त्याने बघितलं तर बघितलं. शेवटी उभं राहून कोणी किती वेळ घेतला ते वाचून दाखवायचं. याचा एक फायदा मला नंतर कळला, नवीन आलेल्या लोकांना वाटायचं की मी पण त्यांच्यासारखीच कोणीतरी, आणि जुन्यांना दिसायचं की माजी अध्यक्ष कार्डं धरून बसलीय म्हणजे आपल्याला पण छोटा रोल घ्यायला हरकत नाही. रिकामे रोल भरायला फोन करत बसणं हा कुठल्याही क्लबमधला आठवड्याचा वैताग असतो, त्यातला एक तरी त्याचा वाचला.

रिन्यूअलचं काम मात्र मी पुढे होऊन केलं, कारण ते त्याने मागितलं होतं. टोस्टमास्टर्समध्ये वर्षातून दोनदा, १ ऑक्टोबर आणि १ एप्रिलला वर्गणी भरायची असते आणि क्लबमध्ये कमीत कमी ८ जणांची वर्गणी भरलेली असावी लागते. आमची संख्या तशी धोक्यात नव्हती, पण कागदावर २३ आणि त्यातले नऊ जण दिसायचेच नाहीत. या नऊ जणांची मला माहिती होती ती कुठल्याही यादीत नव्हती, की याची नोकरी बदललीय, हिला एकदा अभिप्रायात लागट बोललं गेलं आणि तेव्हापासून येत नाही, हा नुसता फोन केला की येतो. हे आम्ही दोघांनी बसून बोललो. मी त्यांना फोन करून "ये गं परत" असं म्हणणार होते, पण त्याने थांबवलं, म्हणाला "ताई, तुम्ही बोलावलंत तर ते तुमच्यासाठी येतील." बरोबर होतं. मग मी प्रत्येकाला फोन करून फक्त एवढंच सांगितलं की नवा अध्यक्ष तुला फोन करेल, मुलगा चांगला आहे, उचल. नऊपैकी चार परत आले, दोघांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं (ते पण एक कामच झालं), तिघांनी फोन उचललाच नाही.

आता एवढं शहाणपण सांगितल्यावर माझी फजिती पण सांगते. नोव्हेंबरमध्ये एक मीटिंग अर्धी हॉलमध्ये, अर्धी ऑनलाइन होती. एक बाई ऑनलाइन भाषण देत होत्या, रंगात आल्या होत्या, मी पिवळं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं आणि स्क्रीन गेली. कॉल बंद. फुकटच्या अकाउंटची ४० मिनिटांची मर्यादा. पण आमचं अकाउंट तर पैसे भरलेलं होतं! अध्यक्ष लॅपटॉपवर वाकला, ट्रेझरर वाकला, दोघांना कळेना. आणि मला मागे बसल्या बसल्या घाम फुटला, कारण ते अकाउंट माझ्या कार्डवर होतं. माझ्या वर्षात घाईत मी स्वतःचं कार्ड टाकलं होतं, ते कार्ड ऑक्टोबरमध्ये बदलून आलं, जुनं बंद पडलं, पैसे कटलेच नाहीत. चौदा पानांत ही एक ओळ नव्हती. ओटीपीवरून सरांना शिव्या घालणारी मी, मी तेच करून ठेवलं होतं.

इथे मी गप्प बसले नाही. सगळे त्या पोराकडे बघत होते, आणि मला माहीत होतं की मी काही बोलले नाही तर ही मीटिंग "नव्या अध्यक्षाच्या काळात कॉल पडला" म्हणूनच लक्षात राहणार. म्हणून उभी राहिले आणि सांगितलं की ही माझी चूक आहे, अकाउंट माझ्या कार्डवर होतं आणि मी ते याला सांगितलं नव्हतं. मग दुसरा कॉल लावला, बाईंनी भाषण पहिल्यापासून दिलं, मी पण पहिल्यापासून वेळ लावला. त्या रात्री आम्ही दोघांनी बसून एकच गोष्ट शोधली, अजून कुठे कुठे माझं नाव, माझा नंबर, माझं कार्ड चिकटलेलं आहे. बँकेत सही अजून माझीच, ती बदलायला दोघांना बरोबर जावं लागलं आणि तरी तीन आठवडे गेले. हॉलच्या बुकिंगला माझा नंबर. सोशल मीडियाच्या पानाचा पासवर्ड माझ्या डायरीत. तुम्ही पद सोडणार असाल तर सल्ल्याचं राहू द्या, आधी हे दोरे सोडा.

सगळंच गोड झालं असंही नाही. मार्चमध्ये क्लबची भाषण स्पर्धा होती, स्पर्धेला जज लागतात, मतं मोजणारे लागतात, टायमर लागतात, आणि मला दिसत होतं की त्याने मोजून तेवढीच माणसं धरलीयत, एकही जास्तीचा नाही. त्याने विचारलं नाही, मी बोलले नाही. आदल्या दिवशी दोन जजनी नाही म्हणून कळवलं. त्याने रात्री बाराला शेजारच्या क्लबमध्ये फोन करून माणसं आणली, स्पर्धा झाली, पण त्याचं तोंड उतरलेलं होतं. नंतर मला म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं ना?" मी हो म्हणाले. तो काही बोलला नाही. मला अजूनही वाटतं की इथे मी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता, "एखादा जज आयत्या वेळी नाही आला तर?" एवढाच. गप्प बसायचं म्हणून मी इतकी ताठ गप्प बसले की त्यात थोडा जुना हिशोब पण मिसळला होता की काय कोण जाणे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं.

आणि हो, टेबल टॉपिक्स. जानेवारीत त्याने ते भाषणांच्या आधी घेऊन टाकलेच, मला न विचारता. गेस्ट पहिल्या अर्ध्या तासात बोलून मोकळे व्हायचे आणि मग उरलेली मीटिंग आरामात ऐकायचे. चाललं. मस्त चाललं. मला ते तोंडाने मान्य करायला दोन महिने लागले.

रोटरीत म्हणे बरं असतं, तिथे पुढचा अध्यक्ष खूप आधीच ठरलेला असतो, प्रेसिडेंट इलेक्ट म्हणून त्याला तयारीला वेळ मिळतो. आमच्याकडे मेमध्ये निवडणूक आणि १ जुलैला खुर्ची, मधे जेमतेम दोन महिने. या वेळी त्याने ते नीट वापरले. नव्या अध्यक्ष मुलीला लॅपटॉपसमोर बसवलं, माऊस तिच्या हातात, आणि हा शेजारी. मी तिथे नव्हते, तिनेच सांगितलं, म्हणाली तो मधे मधे स्वतःच्या हातावर हात ठेवून बसतो. आता आयपीपी तो आहे आणि मी कोणीच नाही, नुसती सभासद. परवा त्याचा फोन आला होता, ती ग्रुपवर फारच उशिरा उत्तरं देते म्हणत होता, मी म्हटलं तू तिला बोललास का, तर हसायला लागला.

बाकी ती कार्डांची कापडी पिशवी अजून माझ्याच घरी आहे, दाराच्या खुंटीला. शनिवारी न्यायची आहे, टायमर या वेळी दुसरंच कोणीतरी आहे.